पारख दाण्याची आणि पारख यंत्राची

व्यापाराची सारी इमारत पारखीवर उभी असते. धान्याच्या पेठेत वावरणारा आमचा व्यापारी बंधू मूठभर गहू तळहातावर घेऊन त्याची जात, त्याचा ओलावा आणि त्यातील कचरा क्षणात सांगतो. वरच्या थरातील टपोऱ्या दाण्यांवर तो विश्वासत नाही. पोत्याच्या तळातून मूठ काढावयास लावतो. परंतु हाच चाणाक्ष माणूस मोबाइल घ्यावयास निघाला म्हणजे जाहिरातीतील एका ठळक आकड्यावर भुलतो आणि पेटी न उघडताच सौदा पुरा करतो, हे पाहून आम्हांस नवल वाटते, आणि खेदही होतो. मध्यम किमतीच्या मोबाइल यंत्राची पारख व्यापाऱ्याने कशी करावी आणि त्या बाबतीत आपल्या संघाने काय करावे, ह्याविषयी आमचे विचार ह्या लेखात मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम एका आक्षेपाचा परामर्श घेणे अवश्य आहे. आमच्या वयाचे कित्येक गृहस्थ म्हणतात की, बोलण्यापुरता बटणांचा साधा फोन पुरे आहे. बाकी सर्व थाट पोरांचा. ह्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. साध्या फोनवरूनही पैसे देता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' ही सोय सुरू झाली आहे. तथापि व्यापाराचा विचार करता हा आक्षेप आता टिकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले व त्याच महिन्याच्या १४ तारखेस राष्ट्रीय कृषी बाजाराची, म्हणजे ई-नामची, सुरुवात झाली. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला 'भीम' हे सरकारी ॲप आले. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. आमचे कोगनोळी पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर अगदी सीमेच्या तोंडाशी वसले असून टोलनाकाही येथेच आहे, त्यामुळे ह्या बदलाचा अनुभव आम्हांस घरबसल्या आला. आज मालाचा नमुना छायाचित्रातून जातो, भाव संदेशातून ठरतो, रक्कम यूपीआयने येते आणि बँकेचा परवलीचा अंकही त्याच यंत्रावर उमटतो. म्हणजे पेढीवरचा तराजू वगळला तर रोजमेळ, तिजोरी आणि टपाल ह्या तिन्ही वस्तू एका खिशात येऊन बसल्या आहेत. जी वस्तू तिजोरीचे काम करते ती तिजोरीसारखी पारखून घेतली पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.

आता प्रश्न असा की, कोणत्या किमतीचे यंत्र घ्यावे? लाखाच्या घरातील यंत्राची आपणांस गरज नाही, आणि अगदी स्वस्त यंत्र वर्ष-दोन वर्षांत मान टाकते. दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंतचा जो मधला टप्पा आहे, तोच आपल्या कामाचा. ह्या टप्प्यात अनेक कंपन्यांच्या मालिका आहेत. उदाहरणादाखल आम्ही सॅमसंग कंपनीची 'गॅलेक्सी एम' ही मालिका घेतो. ती उत्तम आहे म्हणून आम्ही ती निवडलेली नाही. तिच्या सात वर्षांच्या वाटचालीत ह्या धंद्याचे सारे गुणदोष एकत्र पाहावयास मिळतात, हे तिच्या निवडीचे कारण आहे. कोणाची जाहिरात करावी अथवा कोणास कमी लेखावे, हा आमचा हेतू नाही.

ही मालिका जानेवारी २०१९ मध्ये भारतात आली. 'एम १०' ची किंमत ७,९९० रुपयांपासून व 'एम २०' ची १०,९९० रुपयांपासून होती. एम १० ची बॅटरी ३४०० मिलिअँपिअर-तासांची, तर एम २० ची ५००० ची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या 'एम ३० एस' मध्ये ती ६००० वर गेली, आणि २०२० च्या सप्टेंबरात 'एम ५१' मध्ये ७००० पर्यंत पोहोचली. पुढे २०२३ चा 'एम ३४' व २०२४ चा 'एम ३५' ह्यांत ती ६००० होती. आणि २०२५ च्या 'एम ३६' मध्ये ती पुनः ५००० वर उतरली. एम ३५ आणि एम ३६ ह्या दोहोंत प्रोसेसर एकच, एक्सिनॉस १३८०. मग कमी काय झाले? यंत्राची जाडी. ती ९.१ मिलिमीटरवरून ७.७ मिलिमीटरवर आली. यंत्र सडपातळ दिसावे म्हणून त्याच्या पोटातील शिधा कमी केला, असाच ह्याचा अर्थ आम्ही करतो. जो माणूस सकाळी सहाला गाडी उतरवून घेण्यास उभा राहतो आणि रात्री नऊला हिशेब मिटवितो, त्यास सडपातळ यंत्रापेक्षा भरल्या पोटाचे यंत्र अधिक उपयोगी, हे उघड आहे.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केवळ बॅटरीचा आकडा पाहून निर्णय करणे म्हणजे पोते किती मोठे एवढेच पाहून धान्य घेणे होय. प्रोसेसर किती वीज खातो हेही पाहावे लागते. प्रोसेसरची घडण नॅनोमीटरमध्ये सांगतात. हा अंक जितका लहान तितकी त्याच कामाला वीज सामान्यतः कमी लागते. एम २० मधील एक्सिनॉस ७९०४ हा १४ नॅनोमीटरचा, एम ३० एस मधील ९६११ हा १० चा, आणि एम ३४ मधील १२८० हा ५ चा होता. म्हणून २०१९ चे ५००० आणि २०२५ चे ५००० हे समान नव्हेत. परंतु प्रोसेसर तोच राहून बॅटरी घटली तर ती घटच समजावी.

ह्या मालिकेतील दुसरी गोष्ट अशी की, एम ३३ पासून पुढे पेटीत चार्जर मिळेनासा झाला. यंत्र २५ वॅटने भरते असे ठळक छापावयाचे आणि २५ वॅटचा चार्जर मात्र गिऱ्हाइकाने निराळा घ्यावयाचा, ही रीत आम्हांस रुचत नाही. बारदानासह भाव सांगून बारदान काढून घेण्यासारखाच हा प्रकार आहे. किंमत विचारताना चार्जरसह विचारावी, हा आमचा साधा सल्ला आहे.

साठवणुकीविषयी तर ह्याहून अधिक सावध राहिले पाहिजे. पेटीवर १२८ जीबी लिहिलेले असते. यंत्र सुरू केल्यावर तितकी जागा कधीच रिकामी सापडत नाही. एक तर कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीने, त्यामुळे १२८ चे सुमारे ११९ होतात. त्यातून यंत्राची स्वतःची प्रणाली व आधीच भरून दिलेली ॲपे कित्येक जीबी खाऊन बसतात. हे म्हणजे बारदानाचे वजन धान्यात धरणेच होय. ह्याहून मोठी भेसळ 'रॅम'मध्ये चालते. '८ अधिक ८, एकूण १६ जीबी' असे वाचून कित्येकांस आनंद होतो. वस्तुतः खरी रॅम आठच असते. उरलेले आठ हे साठवणुकीतून तात्पुरते उसने घेतलेले असतात आणि त्यांचा वेग खऱ्या रॅमच्या पासंगालाही पुरत नाही. उसनवारीस भांडवल म्हणणारा व्यापारी किती दिवस उभा राहील, हे आपणांपैकी कोणीही सांगेल. शिवाय साठवणुकीची जातही पाहावी. 'ईएमएमसी' ही जुनी व मंद जात, 'यूएफएस' ही नवी व जलद. दोहोंवर १२८ हाच अंक असतो, परंतु दोन वर्षांनी हिशेबाचे ॲप उघडावयास लागणारा वेळ हा फरक उघड करतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार बिंदूंचा एक बिंदू करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो. त्यात वाईट काही नाही. कमी उजेडात चित्र त्यामुळे चांगले येते. पण पाठीवर तीन-चार भिंगे दाखविण्यासाठी जे दोन-दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे बसवितात, ते बहुधा संख्येपुरतेच असतात. आपणांस गव्हाचा किंवा सोयाबीनचा नमुना स्पष्ट दिसावा, पावतीवरील अक्षर वाचता यावे, एवढेच हवे; त्यास एक चांगले भिंग पुरते. हात स्थिर नसला तरी चित्र हलू नये म्हणून जी 'ओआयएस'ची योजना असते, ती मिळाल्यास अवश्य घ्यावी. आमच्या वयाच्या माणसास तिचा उपयोग मेगापिक्सेलपेक्षा अधिक आहे.

आता आमच्या सीमाभागाच्या विशेष अडचणीकडे वळतो. कोगनोळी, निपाणी, कागल ह्या पट्ट्यात प्रत्येक पेढीचे अर्धे व्यवहार एका राज्यात आणि अर्धे दुसऱ्या राज्यात. निपाणीच्या बाजार समितीत एक पाऊल, तर कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात दुसरे. मोबाइलच्या बाबतीतही येथे दोन वर्तुळे भेटतात, कर्नाटकाचे आणि महाराष्ट्र-गोव्याचे. एके काळी घरात बसून पलीकडच्या मनोऱ्याची लहर पकडली जाई आणि 'रोमिंग'चा भुर्दंड पडे. २०१७ नंतर तो त्रास बहुतांशी संपला. तरीही येथील व्यापारी आजही दोन सिमकार्डे बाळगतो. एक बँकेशी व जीएसटीशी जोडलेले, दुसरे गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले. शिवाय एका कंपनीचा मनोरा बंद पडला तर दुसरीचा आधार राहतो.

नेमके येथेच यंत्राच्या रचनेने आपणांस मागे नेले आहे. एम २०, एम ३० एस, एम ३१, एम ५१ ह्या यंत्रांत दोन सिम आणि एक मेमरी कार्ड ह्यांस तीन निरनिराळ्या जागा होत्या. एम ३३, एम ३४ व एम ३५ मध्ये दुसरे सिम आणि मेमरी कार्ड ह्यांस मिळून एकच जागा ठेवली. म्हणजे सीमेवरच्या व्यापाऱ्याने दुसरे सिम ठेवावे की नमुन्यांची व पावत्यांची छायाचित्रे ठेवावयाचे कार्ड, ह्याची निवड करावी! शहरातील गिऱ्हाइकास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आमच्या पट्ट्यात ती क्षुल्लक नाही. म्हणून ज्यास दोन सिमांवाचून गत्यंतर नाही, त्याने आरंभीच अधिक साठवणुकीचे यंत्र घ्यावे, किंवा तिन्ही जागा निरनिराळ्या असल्याची खात्री करून मगच पैसे मोजावेत.

लहरींच्या पट्ट्यांचाही विचार हवा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले. केवळ 'फाइव्ह-जी' असे लिहिलेले पाहून समाधान मानू नये. कोणते पट्टे चालतात तो तक्ता पाहावा. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो व भिंतीतून चांगला शिरतो, ३३०० चा वेगवान असतो पण त्याची धाव आखूड असते. जाड भिंतींच्या व पत्र्याच्या छपराच्या गोदामात बसणाऱ्यास पहिल्याचे महत्त्व अधिक. २०२५ च्या सप्टेंबरात बीएसएनएलने देशी बनावटीची फोर-जी यंत्रणा सुरू केली. तिच्यासाठीही ७०० चा पट्टा यंत्रात असणे हिताचे आहे.

धुळीचे तर विचारूच नका. धान्याच्या गोदामात कोंडा, भुसा आणि बारीक धूळ ह्यांचे राज्य असते. चार्जिंगचे छिद्र आणि ध्वनीची जाळी दोन मोसमांत बुजून जाते. ह्यावर 'आयपी' हा अंक पाहावा. त्यातील पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास निभावते. एके काळी हा अंक महाग यंत्रांपुरताच होता. २०२४ मध्ये सॅमसंगच्या 'ए ३५' ला आयपी ६७ व शाओमीच्या 'रेडमी नोट १३ प्रो प्लस' ला आयपी ६८ असे अंक मिळाले. ही यंत्रे आमच्या टप्प्याच्या वर होती हे खरे, तरी सोय खाली उतरत आहे हे शुभचिन्ह आहे. पोती हाताळून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत त्या आमच्या हमाल बंधूंस व कित्येक दुकानदारांस ठशाचे कुलूप नीट उघडत नाही. त्यांनी ते दुकानातच दहा वेळा उघडून पाहावे, आणि पिन अंकही ठेवावा.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पेटीवर बहुधा ठळक छापलेली नसते. ती म्हणजे यंत्रास सुरक्षिततेची सुधारणा किती वर्षे मिळणार. चोराने नवी किल्ली शोधली की कुलूप बदलावे लागते. सुधारणा म्हणजे हे कुलूप बदलणेच. ज्या यंत्रात बँक आहे त्यास सुधारणा थांबल्या, तर ती तिजोरी दार उघडे टाकून ठेवल्यासारखी होते. ह्या बाबतीत मात्र ह्या मालिकेने प्रगती केली आहे हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. एम ३४ व एम ३५ ह्यांस अँड्रॉइडच्या चार आवृत्त्या आणि पाच वर्षांची सुरक्षा कंपनीने कबूल केली. एम ३६ ला सहा आवृत्त्या आणि सहा वर्षे. बॅटरीत गेले ते येथे आले, असे म्हणता येईल.

ह्याचा हिशेब व्यापारी रीतीने मांडून पाहू. समजा एक यंत्र ११,००० रुपयांचे असून त्यास दोन वर्षे सुधारणा आहेत. दुसरे १७,००० चे असून त्यास सहा वर्षे आहेत. पहिल्याचा वार्षिक खर्च ५,५०० रुपये. दुसऱ्याचा २,८३३ रुपये. मध्ये एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च धरला तरी दुसरे स्वस्तच पडते. स्वस्त काय आणि महाग काय, हे किंमतचिठ्ठी सांगत नसून टिकाऊपणा सांगतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर जीएसटी १८ टक्के आहे. इतर धंद्यांतील व्यापारी त्याची वजावट मिळवितो. परंतु ज्याचा सारा धंदा करमुक्त सुट्या धान्याचा आहे त्यास ती मिळत नाही. म्हणजे १७,००० च्या यंत्रातील सुमारे २,५९३ रुपये कर त्याच्याच अंगावर पडतो. दर दोन वर्षांनी यंत्र बदलणारा धान्य व्यापारी हा कर तीनदा भरतो; सहा वर्षे वापरणारा एकदाच.

येथवर गिऱ्हाइकाच्या कर्तव्याविषयी झाले. परंतु सारा भार गिऱ्हाइकावर टाकणे न्यायाचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या तराजूवर वैधमापनशास्त्र खात्याची नजर असते. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्के आणि बाह्य कचरा पाऊण टक्का ह्या मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि ओलावा चौदापर्यंत गेल्यास भाव कापला जातो. आम्ही त्याबद्दल कुरकुरत नाही. मापामुळेच विश्वास राहतो. मग '८ अधिक ८' म्हणणाऱ्याचे माप कोणी तपासावे? बॅटरी दोन वर्षांनी किती उरेल हे कोणी सांगावे?

हे अशक्य नाही, हे युरोपाने दाखविले आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलवर एक पट्टी लावावी लागते. एका भरणीत यंत्र किती तास चालते, किती वेळा पडून टिकते, धूळपाण्यास कितपत दाद देते आणि दुरुस्तीस किती सोपे आहे, हे तीवर छापलेले असते. बॅटरी ८०० वेळा भरून झाल्यावरही तिची ८० टक्के शक्ती उरली पाहिजे, सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत, आणि त्या नमुन्याची विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षे सुधारणा मिळाल्या पाहिजेत, असे नियम तेथे झाले आहेत. आपल्या देशातही ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले आणि दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली. तिने २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा योग्य आहे. पावले मात्र जलद पडली पाहिजेत.

म्हणून आपल्या संघापुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवीत आहोत. पहिली, संघाने ग्राहक व्यवहार खात्याकडे ठराव पाठवून मोबाइलच्या पेटीवर खरी रॅम, वापरण्यास उरणारी साठवण, बॅटरीच्या भरण्यांची संख्या आणि सुधारणांची अखेरची तारीख छापणे सक्तीचे करावे, अशी मागणी करावी. दुसरी, सभासदांनी शक्यतो निपाणी किंवा कागलच्या पेठेतील दुकानातून यंत्र हाती घेऊन, बिल घेऊन खरेदी करावी. ही मालिका आरंभी केवळ ऑनलाइन विकली गेली. पोत्यात हात न घालता सौदा करण्याची ती रीत होती. तिसरी, यंत्र घेताच तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबून दिसणारा आयएमईआय अंक खतावणीच्या वहीत टिपून ठेवावा. यंत्र हरवल्यास 'संचार साथी' ह्या सरकारी संकेतस्थळावर तो अंक देऊन ते बंद करविता येते. आणि पैशाची फसवणूक झाल्यास १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

तरुण पिढीस आमचे एवढेच सांगणे आहे की, नव्या यंत्रास आमचा विरोध नाही. आंधळ्या खरेदीस आहे. आणि वडीलधाऱ्यांस सांगणे आहे की, ही पोरांची बाब म्हणून दूर सारू नये. तिजोरी कोणती घ्यावी हे आपण कधी पोरांवर सोपविले नव्हते. गहू असो की यंत्र, आकडा वाचावा, तो कशाचा आहे हे विचारावे, आणि मगच सौदा करावा. सभासदांनी ह्या सूचनांचा विचार करून येत्या वार्षिक सभेत ठराव मांडावा, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.